चंपाची फळी

बसवनगुडी, बंगळूर
१२ फेब्रुवारी १९९८

प्रिय कस्तुरी,

प्रिय लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. बाकी पत्रात तसलं काही शोधू नकोस.

जीपच्या मागच्या बाजूचा सांगाडा, सागवानी, वरून पत्रा. दोन्ही अंगांना सरकत्या काचा. त्यांच्या खाचांना आतून बनात, जाड लोकरी कापड, लावली आहे म्हणून खडखडत नाहीत. मागचं दार, बिजागऱ्यांसकट. पाण्याचं भांडं दोन कड्यांत टांगलेलं, गाडी कितीही हेलकावली तरी थेंब सांडत नाही. चढायला घडीची पायरी. झोपायला फळी, पाच फूट चार इंच, वर काथ्याची गादी. एवढं सगळं मी माझ्या हातांनी केलं. कुणा इंजिनिअरला विचारलं नाही, कुठलं पुस्तक उघडलं नाही. सातवीत शाळा सुटलेल्या माणसानं केलं. हे आधी सांगतो, कारण तुझ्या सासूबाई तुमच्या बिल्डिंगच्या दारात उभ्या राहून त्याला 'कुत्र्याचा टेम्पो' म्हणाल्या. टेम्पो नाही, जीप आहे. निदान तेवढं तरी त्यांना सांग.

त्या आणखी एक वाक्य बोलल्या. "पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं हे आम्हालाही कळतं हो, पण ज्या घरात बाई नाही ते माहेर कसलं?" त्याचं उत्तर मी पत्राच्या शेवटाला ठेवलंय. तुला दिवस गेलेत हे मला त्याच्या घटकाभर आधी कळलं होतं, आणि एका वेळी दोन गोष्टींवर रागवायची मला सवय नाही. मी एकेक घेतो.

तुझ्यापासून सुरुवात. सुशांतराव पुण्याहून इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटर चालवायला आले आणि परत जाताना माझी मुलगी घेऊन गेले. तुम्ही रजिस्टर लग्न करून फाटकाशी आलात, मी कामाच्या शेडमधून बाहेर आलो नाही, तू फाटक ढकललं नाहीस. सरी, ठीक आहे. ज्याची त्याची मान. पुढं दोन वर्षं तुझा आवाज नाही. आणि मग दसरा झाल्यावर शेजारी पवित्राअक्काच्या घरी फोन करतेस, मी हातातला रंधा टाकून पळत जातो, आणि तू म्हणतेस काय, तर "अप्पा, चंपा फार आठवते हो. एकदा बघायचीय." बस्स. लाइन तुटली की तू ठेवलास ते तुला माहीत. पवित्राअक्का दारातच उभी. "एनंते मगळु?" मुलगी काय म्हणते, म्हणून. मी म्हटलं, कुत्रं मागतेय.

पोरीनं मागितलं म्हटल्यावर द्यायचं, त्यात विचार कसला. सुशांतरावांचा इथला एक मित्र इंदिरानगरला राहतो. तो म्हणाला, काका, रेल्वेत गार्डाच्या डब्यात कुत्र्याची पेटी असते, पावती फाडली की झालं. मी म्हटलं, बाळा, आधी तू त्या पेटीत बसून तुमकूरपर्यंत जाऊन ये, मग सांग. बारा वर्षांची म्हातारी ती. तुझी आई गेली त्या वर्षी मी मुधोळला जाऊन कुत्री पाळणाऱ्या गुंडूकडून तिला आणली, सदऱ्याच्या आत धरून. तिला पेटीत घालू? शेडमागं लिलावातली जीप पडून होती, ती बाहेर काढली. पुढचं तुला वर लिहिलंच आहे.

आता रस्त्याचं सांगतो, कारण तू विचारलंही नाहीस. मुधोळचं कुत्रं नाकापेक्षा डोळ्यानं जगतं. म्हणून काचा मुद्दाम मोठ्या केल्या, तिला माळ दिसावेत, वाटेत कंटाळू नये. ती चूक निघाली. पण चूक माझी नाही, तुझी. कॉलेजला जाताना तू सायकलवर आणि ती तुझ्या शेजारून पळत, बुल टेंपल रोडचा चढसुद्धा सोडला नाहीत तुम्ही दोघींनी. तिच्या डोक्यात पक्कं बसलंय, सायकलवरची मुलगी म्हणजे कस्तुरी. सिऱ्याच्या पुढं एक शाळा सुटली होती. निळ्या स्कर्टातल्या मुली ओळीनं सायकलवर. ही फळीवरून उठली आणि काचेवर डोकं आपटलं. मागं वळून ओरडलो, तर माझ्याकडे बघेना. जीप पुढं गेली की मागच्या दाराशी जाऊन रडायची. आणि सरकारच्या कृपेनं प्रत्येक गावाला शाळा आहे. हावेरीत तर तिनं असा गळा काढला की पानवाला माझ्यावर धावून आला, "नायी बिडप्पा!" कुत्र्याला सोड म्हणे. लोकांना वाटलं मी चोरून चाललोय. शेवटी हुबळीच्या बाजारात गोणपाटं घेतली आणि काचांना आतून ठोकली. बनात लावलेल्या काचांना गोणपाट! तिथून पुण्यापर्यंत ती अंधारात बसून आली, भांड्यातलं पाणीही न पिता. तुझी शिकवण.

आणि पोचल्यावर स्वागत काय? विहीणबाई खाली येऊन, पदर नाकाला लावून, "ते जनावर वर आणू नका, घरात पोटुशी बाई आहे." मी इकडेतिकडे बघितलं. मला वाटलं, कुणी भाडेकरीण असेल. मग तू कठडा धरून जिना उतरताना दिसलीस. आजोबा होणार ही बातमी माणसाला कशीही कळू दे. मला ती माझं कुत्रं हाकललं जाताना कळली. पाचवा महिना. पवित्राअक्काचा नंबर तुझ्याकडे होता.

चंपा भुंकली नाही. एवढा रस्ता घसा फोडला आणि तुला बघून आवाज नाही. तुझ्या पोटाला डोकं लावून उभी राहिली नुसती. तू पायरीवरून आत चढलीस आणि फळीवर बसलीस. मी टायर बघायला खाली वाकलो. टायर ठीक होते. उठून बघतो तर तू आडवी झालेली, झोपलेली, चंपा पायाशी मुटकुळं करून. सुशांतराव चहा घेऊन आले. मुलगा वाईट नाही, चहा मात्र पाणचट करतो. फळीकडे बघून म्हणाले, "अप्पा, कुत्र्याला एवढी लांब फळी कशाला?" मी म्हटलं, लाकूड उरलं होतं. मग म्हणाले, "या वयात एवढं ड्रायव्हिंग बरं नाही, ही जीप विकून टाका. आम्हीच येत जाऊ केव्हातरी." केव्हातरी! तो शब्द मी त्यांच्या कपासकट त्यांना परत दिला.

तू उठलीस ती हसतच. "अप्पा, मी बघायचीय म्हटलं होतं, तर तुम्ही तिला एवढ्या लांब घेऊन आलात! अहो, मला वाटलं तुम्ही मला..." आणि वरून गॅलरीतून हाक आली, "कस्तुरी, जेवणं खोळंबलीत!" की तू गप. वाक्य अर्धं टाकायची सवय तू आईकडून घेतलेली नाहीस. ती पूर्ण बोलायची, मग शेजाऱ्यांनाही ऐकू जावो. तू वर गेलीस, आणि जाताना वळून म्हणालीस, "चंपाला इथं नाही ठेवता यायचं, अप्पा. सांभाळून न्या." मी तिला घेऊन निघालो. वर जेवायला आलो नाही, पोट भरलं होतं.

तुझ्या त्या अर्ध्या वाक्यावर मी कात्रजच्या घाटापासून डोकं फोडतोय. बेळगावच्या पुढं कुठंतरी उरलेलं अर्धं सापडलं. कुत्रं बघायचं असतं तर बघायला इकडे यावं लागतं, आणि इकडे यायचं तर कुणीतरी न्यायला जावं लागतं. असं होतं तर तसं बोलायचं! "अप्पा, न्यायला या." तीन शब्द. मी सरळ माणूस आहे, मला कुत्रं सांगितलंस तर मी कुत्रंच आणणार.

परतीच्या वाटेवर गोणपाटं काढून टाकली होती. धारवाडला पुन्हा शाळा सुटलेली, पुन्हा सायकली. मी हँडब्रेकवर हात ठेवून तयार. चंपानं मान वर केली नाही. तेवढ्या लांब फळीवर ती एका टोकाला मुटकुळं करून पडते, बाकीची मोकळी ठेवते. वाया चाललेली जागा म्हणून मी तिथं हत्यारांची पेटी ठेवली, तर माझ्यावर गुरगुरली. माझ्यावर! मी बारा वर्षं खाऊ घालतोय. पेटी उचलून पुढं घेतली. आणि एवढी निगुतीनं केलेली ती घडीची पायरी तिनं आजवर वापरलेली नाही. या वयातही उडीच मारते.

तर विहीणबाईंना माझं उत्तर असं, वाचून दाखव. बाई नसलेल्या या घरात त्यांच्या सुनेला चौकटीएवढं वाढवलं आहे. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला भाग्यलक्ष्मी ठरली आहे, अर्ध्या बसवनगुडीची बाळं तिच्या पायांवर वाढली. पवित्राअक्का रात्री सोबतीला येते म्हणाली. डिंकाचे लाडू मी वळतो आणि त्यांच्यापेक्षा एकसारखे वळतो. धक्के कमी बसावेत म्हणून जीपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतलं एकेक पान काढून टाकलं आहे. भांड्यात काठोकाठ पाणी भरून बनशंकरीपर्यंत खड्ड्याखड्ड्यांतून जाऊन आलो, गादी कोरडी होती. वाटेत बेळगावला मावशीकडे मुक्काम करू, स्वल्प सावकाश. तुमच्या डॉक्टरणीला विचार, ती नको म्हणाली तर मी तिच्याशी भांडणार नाही. बाकी कुणाशीही भांडेन. सातवा लागला की येतो. या वेळी वर येऊन जेवतो, आणि जे विचारायचं ते विहीणबाईंसमोरच विचारतो. तू तुझं वाक्य तेवढं पूर्ण कर, म्हणजे झालं. आणि सुशांतरावांना सांग, लाकूड उरलेलं नव्हतं. शेडच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, शेवटची पाच फूट दोन इंचांवर. वरचे दोन उशीला धरले होते. काल तोच इंदिरानगरचा मित्र आला होता, लॅब्राडोर घेऊन. त्याला गोव्याला जायचंय. जीप आहे तशी पाहिजे म्हणाला, काचा, भांडं, पायरी, फळी सगळ्यासकट. नाही म्हटलं. ऐंशी हजार देत होता, रोख.

रागावलेला, तरी तुझाच,
अप्पा