पायाआधीची टिक

३ मार्च
आज रुजू झाले. तालमीची खोली पहिल्या मजल्यावर आहे. खिडकी एकच, पण ऊन भरपूर. दुरुस्तीचं टेबल, सोल्डरिंग गन आणि चहाची किटली आता माझ्या ताब्यात. मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणतात, म्हणून मीही. त्यांचा भाचा गिटार वाजवतो. वय तीस, पण सदानकदा कंबर धरून कुरकुरतो, म्हणून त्याचं नाव पडलंय तात्या. पहिल्या दहा मिनिटांत तो आपल्या तीन वर्षांच्या पोरीबद्दल इतकं बोलला, की मी तिला अंगाखांद्यावर खेळवलंय असं वाटायला लागलं. जागा बरी मिळाली.

४ मार्च
पहिलं काम आलं. तात्याच्या पेडलबोर्डात खरखर आहे. बोर्ड म्हणजे एका फळीवर सात पेडलं आणि पुढे आठ बटणांची पट्टी. बटणावर पाय दिला की मिडीच्या तारेतून पेडलांना हुकूम जातो, हा आवाज लाव, तो बंद कर. त्या तारेतून फक्त आकडे जातात, आवाज जातच नाही. तरी प्रत्येक हुकमाबरोबर स्पीकरमधून टिक्-खर्र येतं, दाताखाली खडा यावा तसं. बारा तारखेला कार्यक्रम आहे, तोवर होईल का, असं तात्याने विचारलं. हा तर हातचा मळ, म्हटलं.

५ मार्च
मिडीची तार गिटारच्या तारेपासून वीतभर लांब नेली. पट्टीला वेगळा अडॅप्टर दिला. तारेचं एका टोकाचं अर्थिंग सोडवलं, कारण बहुतेक वेळा रोग तिथेच असतो. खरखर गेली. टिक राहिली. मावशी म्हणाल्या, अर्धं दुखणं गेलं, अर्धं जाईल.

७ मार्च
मिडीची तार काढूनच टाकली. तरी टिक येते. जिथून येऊच शकत नाही तिथून येते.
आणखी एक. आधी मला भास वाटला. टिक आधी येते, पाय नंतर पडतो. रेकॉर्ड करून मोजलं, पाव सेकंद आधी. तार परत लावून लॅपटॉप जोडला. टिक झाली, पडद्यावर आकडा आला तीन, मग तात्याचा पाय तीनवर. तो म्हणाला, सवयीने पडला असेल, आता मुद्दाम वेगळं दाबतो. ऐन वेळी पाय वळवून सातवर गेला.
पडद्यावर आधीच सात होतं.
तात्या हसला. मी हसले नाही.

९ मार्च
सकाळी खोलीत मी एकटी. चहा पीत असताना टिका सुरू झाल्या. पडद्यावरचे आकडे वहीत उतरवले, एकंदर बावीस. दुपारी तात्या येऊन तास-दीड तास वाजवून गेला. वही मांडीवर घेऊन बसले होते. बावीस वेळा पाय. तेच आकडे, त्याच क्रमाने.
मावशींना दाखवलं. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, यंत्राचं खूळ डोक्यात घेऊ नकोस, दोन घास वेळेवर खात जा.

११ मार्च
टिका आता एक दिवस आधी येतात. उद्याच्या आज आल्या. कार्यक्रमात बारा गाणी आहेत, साठ-सत्तर वेळा तरी पाय पडणार. टिका आल्या सत्तावीस. शेवटची सहा नंबरची. मग स्पीकरमधून काहीतरी जड पडल्याचा आवाज. मग काहीच नाही.
माझी पाचावर धारण बसली. तात्याला गाठलं, हातापाया पडले म्हटलं तरी चालेल. आधी त्याने चेष्टा केली. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "बरं बाई, उद्या बोर्डाशिवाय सरळ गिटार वाजवतो. तुझ्यासाठी नाही हं, पोरीसाठी."
सुटले.

१२ मार्च, सकाळ
शांत झोप लागली होती. मावशींना बोर्ड आजच विकणाऱ्याकडे परत पाठवायचाय. कुठलं बटण अडतं ते लिहून दे म्हणाल्या. एकेक पायाने दाबून तपासतेय.

दुपार
आत्ता सहज वही उघडली. कालचे आकडे. तीन, एक, एक, पाच —
हे मी दाबलेत. सकाळपासून. याच क्रमाने. सव्वीस झाले.
टिकेला पाय कुणाचा ते कुठे ठाऊक असतं.

बोर्डाची वीज काढली. दिवे विझत नाहीत. खुर्चीत पाय वर घेऊन बसलेय. एकच राहिलंय. सहा. नाही दाबलं की झालं. नाहीच दाबायचं —

तात्याचा मेसेज. जिना चढतोय म्हणे. शेवटचं एकदा बोर्डावर वाजवतो —
फोन उचलत नाही.

त्याला आत येऊ द्यायचं नाही. कडी लावायला हवी. दार पलीकडे, मध्ये बोर्ड, दोन्ही बाजूंना ड्रम. पावलं वाजतायत. पोर तीन वर्षांची आहे त्याची. जपून, एक पाय पलीकडे टाकून —