पारशाच्या गाडीतला धूर

पारसी मोहल्ला, नवसारी

प्रिय एदलभाई, तेमूचे मनापासून साहेबजी.

तुझी तब्येत ठणठणीत असेल, वहिनींचा गुडघा एव्हाना जिना चढू देत असेल आणि दादरला तुम्हाला अजून प्यायचं पाणी येत असेल अशी आशा करतो. इकडे मी आणि आपली गुलूफुई (तुम्हा दादरकरांच्या भाषेत आत्या, वय सत्त्याऐंशी, दात बत्तीस, त्यातले चोवीस विकतचे) बरे आहोत. म्हणजे फुई बरी आहे. मी लोणच्यासारखा सिरक्यात मुरलोय.

तुला माहीतच आहे, आदर महिन्याच्या आदर रोजला, अग्नीच्या वाढदिवसाला, फुई उदवाड्याला आपल्या पवित्र अग्नीच्या, इराणशाहच्या, दर्शनाला जाते. एकसष्ट वर्षं एकदाही चुकलेली नाही. आता तिला रेल्वेचा जिना झेपत नाही, म्हणून मी जुनी गाडी घेतली. सुरतेच्या फ्रामजींची, क्रीम रंगाची, पारशाने वापरलेली! आता तू सांग, पारशाची गाडी घेताना कोणी आत नाक खुपसून वास घेतं का? जग डोळे मिटून पारशाची गाडी घेतं, मग मी तर पारशीच. मी नाकसुद्धा मिटलं. घरी आणून दार उघडलं तर आतून सिगारेटचा असा भपकारा आला की माझा चष्मा धुरकट झाला (झाला नसेल, पण मला तसं वाटलं). फ्रामजींना विचारलं, तर म्हणे ड्रायव्हर ओढायचा. आपल्या लोकांचे ड्रायव्हर नेहमी सोयीचे असतात! फुई मागच्या सीटवर जाऊन पाच मिनिटं बसली आणि उतरून म्हणाली, "तेमू, हा वास घेऊन मी इराणशाहसमोर जायची नाही." झालं! महिन्याभरात वास घालवायचा, नाहीतर एकसष्ट वर्षांचा नेम मोडणार, आणि मोडणारा मी.

पहिला उपाय सिरक्याचा. जिथला सिरका पार मुंबईपर्यंत जातो त्या नवसारीत राहून सिरका न वापरणं म्हणजे आपल्या गावाचा अपमान. दोन वाडगे भरून सीटवर ठेवले, वास जरा मऊ पडला. खूश होऊन तसाच वाडग्यांसकट मासळीबाजाराकडे निघालो (हे करायला नको होतं), वळणावर म्हैस आडवी आली, ब्रेक दाबला, आणि सगळा सिरका माझ्या मांडीत. मग खाण्याचा सोडा शिंपडला. सोडा आणि सिरका भेटल्यावर काय होतं हे शाळेत शिकवलं होतं, पण त्या दिवशी मी आजारी होतो. सीट अर्धा तास फसफसत होती. मग मुस्तफा मिस्त्री म्हणाला, वास छताच्या कापडात मुरतो, ते धुवा. धुतलं. ते सुटून खाली आलं, आणि तेव्हापासून मी नवऱ्यामुलासारखा अंतरपाट धरून गाडी चालवतो. पण वास गेला! चार दिवस गाडीत धोब्याच्या दुकानासारखं वाटत होतं. पाचव्या दिवशी परत आला. आणि ताजा, एदलभाई, अगदी ताजा.

तेव्हा मी लोबान काढला. आपण रोज संध्याकाळी घरभर फिरवतो तेच भांडं, मस्त निखारे घालून, गाडीत ठेवलं आणि काचा बंद केल्या. (धुराने धूर जातो असं मला का वाटलं, ते विचारू नकोस.) एक निखारा उडून पायपुसण्यावर पडला. शेजारचे जयंतीभाई भरलेली बादली घेऊन धावत आले, तर मी दारात हात पसरून आडवा! "आगीवर पाणी? पारशाच्या दारात? वाळू आणा, वाळू!" जयंतीभाई म्हणाले, "अहो, गाडी जळतेय!" मी म्हणालो, "जळू दे, पण रीतीने जळू दे." समोर त्यांच्या घराचं बांधकाम चालू आहे. मग गवंड्यांनी सात घमेली वाळू आत ओतली. आग विझली. त्या वाळूत आता मोहल्ल्यातल्या तीन मांजरांची सोय झाली आहे, म्हणजे वासात भरच.

काल पेन्शनच्या कामाला गेलो होतो, काम झालं नाही म्हणून दुपारी लवकर परतलो. बघतो तर गाडीच्या काचेतून धूर! वाळूची बादली उचलून धावलो, दार उघडलं. आत गुलूफुई. डोक्याचं पांढरं माथाबानू घडी करून बाजूला ठेवलेलं, आणि बोटांत सिगारेट. माझ्याकडे बघून म्हणाली, "दार लाव, वास बाहेर जातोय."

मी बादली ठेवली आणि शेजारी वाळूतच बसलो. मग तिने सांगितलं. तिचे मिनूफुआ तिच्यापासून, सख्ख्या बायकोपासून, चोरून ओढायचे, अगदी जाईपर्यंत, आणि तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. त्यांच्या कोटाला हाच वास. "गाडीत बसले आणि वाटलं, आले. आणि तू मेल्या त्यांना सिरक्याने पुसायला निघालास!" म्हणून दुपारी एक, मोहल्ला झोपल्यावर. पण आता अग्नी उष्टावलेल्या ह्या तोंडाने इराणशाहसमोर उभं कसं राहायचं, म्हणून तिचा जीव खालीवर होतोय. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, एदलभाई. मला काही सुचेना. नऊ दिवस उरलेत.

तुझा,
तेहमूल

ता. क. : सुचलं. तू आदल्या दिवशी ये आणि दस्तूरजींसमोर, चारचौघांत सांग की गाडीत तूच ओढलीस. तू ओढतोस हे सगळ्या खानदानाला माहीत आहे, तुझं नवीन काही बिघडणार नाही. एवढ्याचसाठी हे पत्र.

ता. क. दुसरा : फुईला हे वाचून दाखवलं. ती भडकली. खोटं बोलून अग्नीसमोर जाण्यापेक्षा मी स्वतः जाऊन खरं सांगीन, म्हणाली. म्हणजे उदवाड्याला येतेय! पुढचं ती स्वतः लिहितेय.

एदल, मी इराणशाहला सगळं खरं सांगणार आहे. सगळं म्हटल्यावर हेही आलंच की सिगारेटची पहिली पेटी मी गेल्या नवरोजला तुझ्या कोटातून उचलली. ती काल संपली. येताना दुसरी आण. – गुलूफुई