आजींच्या प्रश्नानंतरचा विराम

७ नोव्हेंबर १९९८

मी, चंद्रशेखर केशव रेगे, वय त्रेपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, आज आखातातील अल् खुवैर येथील एका व्हिडिओ दुकानात व्यवस्थापक म्हणून रुजू झालो. कामाची नेमकी नोंद ठेवणे, हाच या रोजनिशीचा हेतू. जागा स्वच्छ, एसी उत्तम, आणि यंत्रे सांभाळणारा वसईचा विन्सेंट डाबरे मोठा बोलका. मन प्रसन्न आहे.

पहिलेच काम आगळे. नोराबाई नावाच्या आयरिश परिचारिका येथील आयरिश मुलांना त्यांची भाषा शिकवतात. मुले घरीही इंग्रजीच बोलतात. "आपल्या पोरांच्या मराठीसारखंच की, साहेब!" विन्सेंट म्हणाला. नोराबाईंच्या दिवंगत आजींचे धडे अमेरिकेत चित्रित झाले. त्या कॅसेट अमेरिकी पद्धतीच्या असल्याने येथील व्हीसीआरवर चित्र फाटते. त्या येथे चालणाऱ्या 'पाल' पद्धतीत उतरवून द्यायच्या. आजींचा आवाज अन्यत्र कोठेही उरलेला नाही, हे नोराबाईंनी निघताना पुन्हा सांगितले.

९ नोव्हेंबर

आजी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून प्रश्न विचारतात, उत्तरासाठी थांबतात आणि मग समाधानाने मान डोलावतात. एक प्रश्न वारंवार येतो: "अ विल तू आन?" मला चक्क "तू आण" असे ऐकू आले. त्या थांबल्या आणि माझ्या तोंडून निघून गेले, "आणतो गं थेरडे, तुझ्या मयताचं सामान!"

विन्सेंट पोट धरून हसला. "काय साहेब, तुम्ही तर वस्ताद निघाले!" मलाही हसू आले. परक्या वृद्धेस असे बोलणे माझ्या संस्कारांत बसत नाही. परंतु ऐकणारे होते कोण?

१२ नोव्हेंबर

नोराबाई आल्या होत्या. प्रतीवर आजींच्या विरामात एका पुरुषाचा आवाज आहे. मुलांना तेच योग्य उत्तर वाटले आणि सारा वर्ग एका सुरात म्हणाला, "मयताचं सामान." बाईंनी ते शब्द मला निरागसपणे उच्चारून दाखवले व अर्थ विचारला. यंत्राचा दोष, एवढेच मी खालमानेने सांगितले. यंत्राला मायक्रोफोनच नाही.

प्रश्नाचा खरा अर्थ त्यांच्याकडूनच कळला: तू तिथे आहेस का? त्या भाषेत नुसते "हो" नसते. "ता", म्हणजे "आहे", असे म्हणावे लागते.

१४ नोव्हेंबर

नवी प्रत काढली. तेच. मूळ कॅसेट लावली — तिच्यावरही मीच. आजींचे ओठ हलतात, आवाज नाही. फक्त विराम आणि त्यात माझी शिवी. त्या आता मान डोलावत नाहीत. माझ्याकडे पाहतात.

विन्सेंट हसत नाही. "मजाक नाय ही, साहेब. माफी मागा. आणि बाईंना तुम्हीच सांगा, मी नाय सांगणार."

१५ नोव्हेंबर

दुपारी दुकान बंद असताना पडद्यापुढे हात जोडले. "आपण मला क्षमा —" असे म्हणू लागलो. घशातून आला तो आजींचा आवाज. "अ विल तू आन?" विन्सेंटच्या हातून चहा सांडला.

दुसरे काही बोलताच येत नाही. पाणी मागितले तरी तेच —

१६ नोव्हेंबर

नोराबाई समोर बसल्या आहेत. सर्व सांगण्यासाठी तोंड उघडले — आजींचा प्रश्न बाहेर पडला. त्या रडल्या. आनंदाने. "ता," म्हणाल्या, "ता, ता" — लहान मुलीसारख्या. माझे आभार मानतात. माझे!

म्हणून लिहितो. विन्सेंट हे पान त्यांना इंग्रजीत वाचून दाखवील. सही, ठिकाण, तारीख तळाशी आधीच घालून ठेवली आहे. आता मधला मजकूर टाळता येणार नाही.

नोराबाई, आपल्या आजींना मी —

त्या माझा लिहिता हात धरू पाहतात. आणखी एकदा बोला, म्हणतात. मी ओठ घट्ट मिटून —

आपल्या आजींना मी थे—

चं. के. रेगे
अल् खुवैर, १६ नोव्हेंबर १९९८