लोणच्याच्या बरणीतला दिवा

जळगाव,
श्रावण वद्य पंचमी

आदरणीय लालचंदभाऊंना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे केवलचंदचा, सप्रेम जय जिनेंद्र.

इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच. तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या खेपेला तुम्ही एका हाताने गुडघ्याला एरंडेल चोळत होतात आणि त्याच हाताने मला आग्रहाने बुंदी वाढत होतात, ती चव मी अजून विसरलेलो नाही. मातोश्रींचा खोकला थांबला असेल. वहिनींना नमस्कार. पांझरेला पाणी आलं की नाही तेही कळवा. (पत्र मराठीत लिहितो आहे याचं नवल वाटून घेऊ नका. मारवाडीत लिहायला बसलो की हात आपोआप मालाचा भाव लिहायला लागतो.)

तुमची बहीण धुळ्याला आली आहे ती महाराजसाहेबांची चातुर्मासातली प्रवचनं ऐकायला, असं तिने तुम्हाला सांगितलं असेल. ते खोटं नाही. चंदन खोटं बोलत नाही, हीच तिच्याबद्दल माझी मुख्य तक्रार आहे. पण प्रवचनं जळगावातही चालू आहेत. भाऊ, ती रागावून आली आहे, आणि तिचा राग एका दिव्यावर आहे. दिवा मी आणला. आता एकाच बाजूचं ऐकून पंचाने निवाडा देऊ नये, आणि आमच्या घरचे पंच पहिल्यापासून तुम्हीच, म्हणून माझी बाजू जरा सविस्तर मांडतो. चहा घेऊन बसा.

आमची लेक लाडकुंवर आपण पहूरला दिली आणि आमचं घर एकदम मोठं झालं. चंदन दुपारभर नुसती बसून राही. तेव्हा मुंबईच्या गिरणीच्या दलालाने मला एक काचेची पेटी आणि त्यात सोनेरी मासे देऊ केले, ते मी आनंदाने घेतले. पेटी गाडीतून उतरवून घरी नेईपर्यंत बाजारात बातमी पोचली होती की केवलचंदच्या घरी मासे आणले. भाऊ, आपल्या माणसाच्या घरी 'मासे आणले' याचा अर्थ लोक काय घेतात ते तुम्हीच समजा. त्या संध्याकाळी आपल्या जैन संघातले दोन वडीलधारे 'सहज' म्हणून आले, उंबऱ्यातूनच नाक वर करून वास घेतला, आणि मासे जिवंत पोहताना पाहिले तेव्हा कुठे बूट काढून आत बसले.

पेटी आम्ही बैठक आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत, जुन्या खिडकीच्या जागी बसवली. दोन्ही बाजूंनी मासे दिसत. चंदनला त्यांचं वेड लागलं. तिने त्यांना आपल्या घराच्या वळणावर घेतलं. खायला कणकेच्या बारीक गोळ्या, आणि तेही सूर्य मावळायच्या आत. सूर्यास्तानंतर आपण खात नाही, तर आपल्या घरच्या माशांनी का खावं? मात्र रात्रभर उपाशी राहणार बिचारे, म्हणून मावळतीला ती दोन गोळ्या जास्त टाकी. मग आणखी दोन, कारण एकाला मिळाल्या नसतील. त्यातला जो सर्वांत गलेलठ्ठ आहे आणि सतत ओठ पुढे काढून रुसल्यासारखा असतो, त्याचं नाव तिने लालचंदभाऊ ठेवलं आहे. (माझा यात काही हात नाही. मी फक्त हसलो.)

पुढे काय झालं, तर पाणी हिरवं झालं. बदललं, की पुन्हा आठवड्यात हिरवं. चातुर्मासात आपल्याकडे पालेभाजी वर्ज्य आणि इथे भिंतीत पेटीभर पालकाचा रस! लालचंदभाऊ दिसेनासे झाले; अधूनमधून काचेशी फक्त ओठ यायचे. आमच्या दुकानातला उखर्डू, तो नरडाण्याकडचा, पेटी पाहून मला म्हणाला, "शेठ, पानी बठ्ठं हिरवं शे. म्हशी सोडा यामा." चंदन रडवेली झाली. मासे गुदमरतील म्हणाली. तिचं ते तोंड मला बघवेना, आणि एवढ्याचसाठी, भाऊ, मी त्या दिव्याच्या वाटेला गेलो. हे निवाड्यात जरूर धरा.

दलाल म्हणाला, दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीत एक निळसर उजेडाचा दिवा असतो, त्याच्या अतिनील किरणांनी पाणी निर्मळ होतं, परदेशात मासेवाले तोच लावतात. मी मुंबईला खरेदीला गेलो तेव्हा विजेच्या सामानाच्या बाजारात शिरलो. दुकानदाराने पुढे निरनिराळ्या नळ्या मांडल्या. मला कापडातलं कळतं, उजेडातलं कळत नाही. पण गिऱ्हाईक अडाणी आहे हे दुकानदाराला कळू द्यायचं नाही एवढं मला कळतं. म्हणून मी प्रत्येक नळी बोटाने वाजवली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, रंग पक्का आहे ना? तो माझ्याकडे बघत राहिला. मी हातभर लांबीची पसंत केली. मग त्याने कापसात गुंडाळलेली एक काचेची नळी काढली आणि म्हणाला की दिवा पाण्यात सोडायचा तर हे खास काचेचं आवरण घ्यावंच लागेल. किंमत दिव्याहून जास्त! मी हसलो. अहो, आपणही साडीबरोबर अस्तर गळ्यात मारतोच की. काच ती काच, असं म्हणून मी त्याची विद्या त्याच्यापाशीच ठेवली आणि गाडी पकडली.

इथे हारुन वायरमनने दिवा आधी नुसताच लावून पाहिला आणि मला बजावलं की शेठ, याच्याकडे बघायचं नाही. भाऊ, मी कापडवाला. कापड असो की उजेड, डोळ्याजवळ धरल्याशिवाय मला विश्वास येत नाही. रात्रीपर्यंत डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं आणि दोन्ही डोळे टोमॅटोसारखे लाल. आता दिवा पाण्यात सोडायला उंच, अरुंद काचेचं भांडं हवं होतं. घरात तसं एकच होतं, चंदनची लिंबाच्या लोणच्याची बरणी. लोणचं मी पातेल्यात काढलं. (पातेलं पितळेचं होतं हे मला नंतर सांगण्यात आलं.) बरणीत दिवा, बरणीचं तोंड पाण्याच्या वर, बूड पाण्यात, आणि वर हारुनने बांधलेली लाकडी पट्टी. बटण दाबलं. हिरव्या पाण्यात असा निळा उजेड पडला की लालचंदभाऊ देवलोकातून आल्यासारखे दिसले.

चंदन पदराला हात पुसत आली. मी तिला सांगणार होतो की हा पाणी शुद्ध करणारा दिवा आहे. तेवढंच. पण तिने विचारलं हारुनला, आणि हारुन कामाचा अभिमान असलेला माणूस. तो छाती काढून म्हणाला, "भाभी, याच्यापुढे पाण्यातला एक जंतू जिवंत राहत नाही. गॅरंटी!"

आपल्या घरात हे वाक्य, भाऊ! पाण्याचा प्रत्येक हंडा जी बाई गरण्याच्या फडक्यातून गाळते, आणि गरण्यात अडकलेले जीव त्याच विहिरीच्या पाण्यात हलक्या हाताने परत सोडून येते, तिच्यापुढे. हारुनला मी डोळ्याने खुणावत होतो, पण डोळे असे सुजले होते की ती खूण त्याला शाबासकीच वाटली. त्याने गॅरंटी पुन्हा एकदा दिली. तो गेल्यावर चंदनने मला शांतपणे विचारलं, "गाळलेल्या पाण्यातले जीव मी विहिरीत सोडते. तुमच्या दिव्याने मेलेले कुठं सोडू?" मी म्हणालो, अगं, ते इतके लहान असतात की दिसतसुद्धा नाहीत. ती म्हणाली, "दिसत नाही म्हणून मारायचं?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच मी बोललो. ती म्हणाली, दिवा परत करून या. माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर जी पाटी आहे ती मी तिला ऐकवली: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. म्हणालो, बाजार या नियमावर चालतो, बाईमाणसाच्या हट्टावर नाही. सकाळी ती धुळ्याच्या एस.टी.त बसली. मी दुकानात गेलो, तर माझे लाल डोळे पाहून गिऱ्हाईकं हळू आवाजात बोलू लागली. दिव्याने झालंय, दिव्याने, असं मी पुढे आठवडाभर ज्याला त्याला सांगत होतो. एकानेही विश्वास ठेवला नाही.

असो. आता निकाल ऐका. ती गेली, दिवा चालू राहिला, आणि हळूहळू पाणी निवळत गेलं. आज ते इतकं स्वच्छ आहे की पेटीत पाणी आहे की नाही हे बोट बुडवून पाहावं लागतं. शास्त्र जिंकलं. माझी काही गैरसोय होत नाही. खिचडी मला उत्तम येते. कालची तर कापडाच्या कात्रीने कापता आली. तेव्हा चंदनला परतायची घाई करू देऊ नका. प्रवचनं पूर्ण ऐकू द्या. एवढंच कळवण्यासाठी हे पत्र.

तुमचा मेहुणा,
केवलचंद

ता. क. – पाकीट चिकटवणार तोच आपल्या कॉलेजचे भौतिकशास्त्राचे पितांबर सर पँटपीस घ्यायला आले, म्हणून त्यांना मोठ्या तोऱ्यात घरी नेऊन दिवा दाखवला. सरांनी विचारलं, नुसता दिवा पाहिलात तेव्हा डोळे सुजले. आता रोज बरणीतला पाहता, तेव्हा सुजतात का? मी म्हणालो, छे. त्यावर सर इतके हसले की त्यांना खाटेवर बसवावं लागलं. ते किरण म्हणे साध्या काचेतून बाहेर पडतच नाहीत. त्यासाठी ती खास काच लागते, जी मी मुंबईत नाकारून आलो. म्हणजे, भाऊ, एवढे दिवस माझा दिवा लोणच्याच्या बरणीलाच उजेड देत होता. पाण्यातल्या एकाही जिवाला त्याने धक्का लावलेला नाही! माझ्या कंजूषपणाने हिंसा टळली. हे चंदनला आजच्या आज सांगा. दिवा मी काढला आहे, बरणी धुऊन जागेवर ठेवली आहे. प्रवचनं जळगावातही चांगली होतात.

ता. क. २ – तुम्ही हुशार आहात, तेव्हा विचाराल की मग पाणी कशाने निवळलं. तेही सरांनी सांगितलं. माशांना खाणं फार पडत होतं. उरलेलं कुजायचं आणि त्यावर ते हिरवं माजायचं. आता सकाळी मी चिमूटभर कणीक टाकतो. संध्याकाळी दुकान बंद करून येईपर्यंत सूर्य मावळलेला असतो, आणि सूर्यास्तानंतर द्यायचं नाही हा तिचा नियम मला मोडवत नाही. दोन-तीनदा गोळी हातात घेतली आणि परत ठेवली. तेव्हा पाणी निवळलं ते तिच्या नियमाने, असं तिला सांगा. मावळतीच्या जास्तीच्या गोळ्यांचं मात्र बोलू नका. पाणी पुन्हा हिरवं झालं तर होऊ द्या. उखर्डूला म्हशी आणायला सांगेन.

ता. क. ३ – भाऊ, हे फक्त तुमच्यासाठी. पाणी हिरवं होतं तेव्हा बैठकीतून पलीकडचं काही दिसत नसे. बांगड्या वाजत, भांडं वाजे, आणि ती तिथे आहे हे मला न बघता ठाऊक असे. आता आरपार दिसतं. चूल दिसते, भिंतीला टेकवलेला तिचा पाट दिसतो, आणि मध्ये लालचंदभाऊ तिकडेच तोंड करून थांबलेले असतात. मी इकडे, ते तिथे, दोघे एकाच दिशेला बघत बसतो. मला करमत नाही. डोळ्यांचं मी वर जे लिहिलं ते पहिल्या दोन दिवसांपुरतं खरं धरा. दिव्याची सूज त्याहून जास्त टिकत नाही असं सर म्हणाले. गल्ल्यावरची ती पाटी आज उतरवली. संवत्सरीला सगळ्या नातेवाइकांना क्षमा मागणारं छापील 'मिच्छामि दुक्कडं' जाईलच, त्यात तिचंही नाव असतं. पण तोवर मला थांबवत नाही. हे हाताने लिहिलेलं तिला वाचून दाखवा: चंदन, मिच्छामि दुक्कडं. सकाळच्या गाडीत बस, मी स्टँडवर उभा आहे.