वजन किती, दात किती

प्रिय बबडे,

तू पाठवलेलं पाकीट मिळालं. मावशीचं कपाट आवरताना मी तिला लिहिलेली जुनी पत्रं सापडली, ती तू एका ओळीची चिठ्ठीही न जोडता पाठवलीस. बरं केलंस. रबरबँड विरघळून वरच्या पत्राला चिकटला होता, तो ब्लेडने हळूच सोडवला. मावशी जाऊन महिना झाला, मला अजून रडू आलेलं नाही. सकाळी उठते, चहा करते, कप धुऊन ठेवते. काही वाटतच नाही असं लिहिलं, तर तू म्हणशील, त्यात नवीन ते काय.

पत्रं सवयीप्रमाणेच वाचली. टेबल पुसून, तारखेवार लावून, हातात पेन्सिल घेऊन. चौदा भरली. तू आठ महिन्यांची होतीस तेव्हा तुला मावशीच्या हवाली करून मी दोन वर्षं फ्रान्सला गेले, प्रबंधासाठी. परत आले तर तू मला बघून तिच्या मागे लपलीस. तिथल्या दफ्तरखान्यात मी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शहरी बायकांची पत्रं वाचत असे. त्या आपली तान्ही मुलं दुधासाठी खेड्यातल्या बायांकडे ठेवत आणि पत्रातून चौकशी करत. वजन किती, दात किती, खोकला गेला का. मुलाची आठवण येते, असं एकीनेही लिहिलेलं नव्हतं. त्यावरून मी ठरवून टाकलं, की त्यांना मुलांचा लळा नव्हताच. माझ्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण ते. त्यानेच मला नोकरी दिली, मान दिला, परिसंवादात पहिल्या रांगेतली खुर्ची दिली. तीस वर्षं मी ते विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलं. कॉलेजात असताना तूही वाचलंस आणि जेवताना विचारलंस, की त्यांना काही वाटत नव्हतं हे तुला कसं कळलं. कागदावर नाही म्हणून, असं म्हणून मी ताट उचललं. त्यानंतर तू माझं काही वाचलं नाहीस.

आता माझी पत्रं. वजन विचारलंय अकरा वेळा, दात नऊ वेळा. एकदा झबली पाठवल्याचा उल्लेख आहे. एखाद्या विद्यार्थ्याने हा गठ्ठा आणला असता, तर मी डोळे झाकून समासात लिहिलं असतं, लळा नाही. पण पहिल्या पत्राचे मी चार खर्डे फाडले होते, बबडे. त्यात जे होतं ते पाठवलं असतं, तर पाठोपाठ मीही निघून आले असते. म्हणून दात विचारले. फाडलेला कागद दफ्तरखान्यात पोचत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

मावशी गेली त्या दिवशी तू फोनवर कुणाला तरी सांगत होतीस, माझी आई गेली. मी शेजारच्याच खुर्चीत होते. तू खरं तेच बोललीस, मला तक्रार करायची नाही. नव्या आवृत्तीतून तिसरं प्रकरण काढा, असं काल प्रकाशकांना कळवलं. ते बिचारे हबकलेत. त्या बायका तर केव्हाच गेल्या, त्यांची माफी कुठे मागणार. तू आहेस, म्हणून हे लिहितेय. मला तुझी आठवण यायची. रोज यायची. रस्त्यात कुणाचं मूल रडलं, की पाय जागचे हलायचे नाहीत. याला कागदोपत्री पुरावा माझ्याकडे काही नाही. तुला माझ्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागेल.

तुझीच,
आई