माधवची नोकरी आणि प्रसादाची ठंडाई

३ फेब्रु., मंगळ
धाकटे बंधुराज माधव संध्याकाळी धापा टाकत आले. “ताई, जागा निघालीय!” ज्या व्यसनमुक्ती केंद्राने त्याची स्मॅकची नशा सोडवली, तिथेच. नवीन रुग्णांजवळ बसायचं, त्यांच्या घरच्यांना समजवायचं. सरकारी योजनेत म्हणे या कामाला बरे झालेले लोक घेता येतात. योजनेचा कागद वाचून पाहिला, खरंच आहे. वर्षभर हात लावलेला नाही त्याने. आता काम हवं. रिकामा बसलेला दिसला की मला धडकी भरते.

६ फेब्रु., शुक्र
बँकेतून अर्धी रजा. अर्ज द्यायला दोघं गेलो. तिथले साहेब चष्म्यावरून बघत, “नशेड़ी को नौकरी? कल दवा की अलमारी साफ कर देगा।” माधव मान खाली घालून उभा. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, “साहब, नियम आपकी सरकार का है, मेरे मायके का नहीं। पढ़ लीजिए।” सोबत नेलेल्या कागदावर नियमाच्या ओळीवर बोटच ठेवलं. मुकाट घेतला अर्ज.
परत येताना माधव, “ताई, तू फार बोलतेस.” बोलते. पुढेही बोलणार.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र
राजा घाटावर काकूंकडे सगळे जमलो. दरवर्षीची ठंडाई. काकूंनी स्वतःच्या हाताने माधवपुढे पेला धरला. भांग घातलेला! मी ओरडणार, तोच त्याने पेला कपाळाला लावला आणि खाली ठेवला. “काकू, प्रसादाला नमस्कार. पण मला नाही चालणार.”
काकू थक्क. “अरे, भांग म्हणजे काय नशा असते का? भोलेबाबांचा प्रसाद तो!” जन्म काशीत गेला त्यांचा, मनापासूनच बोलत होत्या. याच बाईने वर्षभर त्याच्यासाठी सोमवार धरले, आणि आज...
काका गरजले, “महादेवाचा अपमान!” माधव हसला. “महादेव समजून घेतील, काका. तुम्हीही घ्या.”
मी सगळ्यांदेखत आनंदाने रडले. लाजबीज काही वाटली नाही.

२० फेब्रु., शुक्र
मुलाखत. मी बाहेर बाकावर नखं खात. आतलं माधवने नंतर सांगितलं. तेच साहेब. “फिर फिसल गए तो?” हा म्हणाला, “तो सबसे पहले यहीं आकर बताऊँगा, साहब। छुपा-छुपाकर ही तो डूबा था।” मग शिवरात्रीची हकीकत सांगितली. केंद्राच्या डॉक्टरीणबाई एकदम सावरून बसल्या म्हणे. घरच्यांना दारू, गांजा, स्मॅक सगळं समजावतात, पण प्रसादाच्या भांगेबद्दल चकार शब्द नाही. आणि हे बनारसमध्ये! साहेबही संध्याकाळी भांगेचा गोळा चढवत असणार, मला दाट संशय आहे.

९ मार्च, सोम
झालं!! घेतलं त्याला!! करार अनुदान असेपर्यंतचा, पुढचं पुढे. घरच्यांच्या बैठकीत आता पहिल्याच दिवशी भांगेचं सांगायचं, तेही माधवने. नियम इतके दिवस नुसता कागदावर होता, माझ्या भावाने तो चालता केला. अख्ख्या गल्लीला कचोरी-जिलेबी वाटली. काकूंनाही दिली. बोलल्या नाहीत. पण खाल्ली.

१६ मार्च, सोम
पहिला दिवस. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, गळ्यात ओळखपत्र. शाळेत जाताना तरी एवढा नटला नव्हता! आमचे बाबा असते तर...
सुटायची वेळ केव्हाच टळली. पूर्वी असा उशीर झाला की मी मुन्शी घाटापर्यंत अनवाणी शोधत जायची. आज फोन हातात घेतला, परत ठेवला. नवीन रुग्ण आला असेल, उठू देत नसेल. केंद्रात फोन केला तर लगेच कळेल.
नाही करणार. नोकरीवरचा माणूस आहे तो, होतो उशीर.
कणीक भिजवून ठेवलीय. आला की गरम पोळ्या टाकते.