सोमीचा फॉर्म

झरी,
शनिवार, ११ एप्रिल १९९२

प्रिय लहान्या,

हे पत्र मी पंधरा दिवस टाळलं. आधी कागद नव्हता म्हणून टाळलं. मग कागद मिळाला तर पेन गळत होतं. पेन बरं झालं तेव्हा तलासरीच्या नाक्यावर एक टेम्पोवाला भेटला, त्याच्याबरोबर ताडगोळे उतरवायला उधव्याला गेलो आणि दोन दिवस तिकडेच राहिलो. माझं तुला ठाऊक आहे, एका कामाला निघालो की वाटेत दुसरं काम मला गाठतं. या वेळी मात्र ते दुसरं काम मीच शोधत होतो.

हे तू एकट्याने वाच. बोटीवरच्या तांडेलाला वाचायला देऊ नकोस. तू सातवी पास आहेस आणि मी दहावी तीनदा नापास, म्हणजे आपल्या दोघांत शिकलेला तूच. तुमच्या पाड्यातला धाकल्या उद्या वेरावळला तुमच्या बोटीकडे निघालाय, त्याच्या हाती देतोय. तार करणार होतो, पण जे सांगायचंय ते तारेत मावेना.

आधी तुझ्या पोरीचं, धाकलीचं सांगतो. बरी आहे, आजीकडे आहे. आता पुरती बोलायला लागली. बा कुठे विचारलं की तळ्याकडे बोट दाखवते, तिला दर्या म्हणजे तेच वाटतं. काल माझ्या चपला घालून अंगणात चालत होती आणि पडली तर मलाच रागावली. नाक तुझं आहे, जीभ सोमीवहिनीची.

मी इतके महिने कुठे होतो ते तुला कुणी सांगितलं नसणार. डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यातलं काम सुटलं. सुटलं म्हणजे मी सोडलं, रबराचा वास जेवणात यायला लागला होता. बाबा म्हणाले, मास्तराचा पोरगा असून आश्रमशाळेतल्या पोरांएवढंही टिकून राहता येत नाही. ते तुझ्याबद्दलच बोलत होते, बरं का. मग मी हायवेने फिरत फिरत हद्दीपलीकडे गुजरातेत गेलो. तिथे एका वाडीत युगल मंडळ म्हणून आश्रम आहे. दोन वेळचं जेवण मिळतं, आंब्याखाली झोपायला मिळतं. म्हटलं आठ दिवस राहू. पाच महिने राहिलो.

तिथे वसुमतीमाताजी आहेत. त्या म्हणतात, प्रत्येक जीवाचा अर्धा भाग मागच्या जन्मी हरवलेला असतो आणि दिव्याच्या ज्योतीत त्यांना तो दिसतो. पौर्णिमेच्या आधी संध्याकाळच्या आरतीला त्या दिवा लावून दोन नावं सांगतात. पौर्णिमेला त्यांचं लग्न लागतं, साडी, भांडी, जेवण सगळं मंडळाचं. तू हसशील. मीही पहिले दोन दिवस हसलो. पण त्या बाई रागावत नाहीत, कुणाला हाकलत नाहीत, आणि आल्या-गेल्याला आधी विचारतात, जेवलास का. मला घरी हे फार दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

सभामंडपात दोन सतरंज्या असतात. डावीकडची पुरुषांची, ती भिंतीपासून थेट दारापर्यंत जाते आणि तरी माणसं पायरीवर बसतात. उजवीकडची बायकांची, तिच्यावर सात-आठ जणी, बाकी अर्धी रिकामी. पुरुष कुठून कुठून आलेले. सुरतेचे हिरे घासणारे, शेतकरी, दोन मास्तर. एका म्हाताऱ्याने सांगितलं, आमच्या फळियात, म्हणजे वस्तीत, लग्नाचे पोरगे चौदा आणि पोरी तीन. मी विचारलं, बाकीच्या पोरी गेल्या कुठे? तो खाली बघून वाती वळत बसला. मला तेव्हा तुमचा पाडा आठवला. तुमच्यात पोरगी झाली म्हणून कुणी तोंड पाडत नाही, उलट पोरीसाठी मुलाकडचे देज देतात.

त्या लांब सतरंजीवर प्रल्हादभाऊ बसायचे. रेल्वेत बुकिंग क्लार्क, वय बेचाळीस. तीन बहिणींची लग्नं केली, मग आई अंथरुणाला खिळली, ती गेली तेव्हा यांचे केस पांढरे झाले होते. सात वर्षं दर रविवारी येतात. येताना चिकू आणतात, स्वतः सोलतात आणि आजूबाजूच्यांना देतात. स्वतःचं नाव कधी निघेल असं त्यांनी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. मी मात्र रोज विचारायचो. कारण तिथे नोंदवहीपाशी दीप्ती बसायची. तिने एकदा माझ्याकडे बघून सांगितलं, माताजींना तुमच्या ज्योतीत काहीतरी दिसतंय. बस, मी तिथेच खलास. पुढे कळलं की हेच तिने आणखी पाच जणांना सांगितलं होतं. तिला तसं सांगायलाच बसवलं होतं, आणि तिचा स्वतःचा दिवा चार वर्षांत लागला नव्हता. तिच्यावर राग धरवत नाही.

आता ऐक. उजवी सतरंजी भरल्याशिवाय डावीकडच्यांचे दिवे लागणार कसे? म्हणून नियम असा की जो तीन मुली आणेल त्याची पाळी आधी. याला ते सेवा म्हणतात. जीपमध्ये बसवून आम्हाला गावोगाव पाठवायचे. रानशेतची एक मुलगी मी आणली, तिचं लग्न झालं, ती नवसारीला आहे आणि खरंच सुखात आहे, मी जाऊन बघितलं. दुसरी कैनाडची. ती दोन दिवस जेवली आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला तवा घेऊन पळाली. तरी ती मोजली गेली. तिसरी कुठून आणायची याचा विचार करत मी शिमग्यानंतर झरीला आलो.

नवशीआजीच्या अंगणात सोमीवहिनी भात कांडत होती. मी तिला सहज सांगितलं की तिकडे लग्नं फुकट लागतात. तिने मुसळ खाली ठेवलं. मला म्हणाली की लहान्या अजून दोन हंगाम बोटीवर काढणार ते लग्नासाठीच ना, लग्नाची गाणी गाऊन लग्न लावणाऱ्या धवलेरीला बोलवायचं, भिंतीवर लग्नाचा चौक लिहायचा, सगळ्या पाड्याला जेवण द्यायचं. तिकडे लागलं तर तो या पावसाळ्यात घरी येईल आणि परत जाणार नाही. तुझं नाव तिथे सांगितलं की मंडळ तुला बोलावून घेईल असंच तिला वाटलं. तुला न सांगता सगळं ठरवायचं आणि मग धाकल्याकडून निरोप पाठवायचा, म्हणजे तू चकित होशील. ती हसत होती रे. धाकलीला आजीकडे ठेवलं, दोन दिवसांत येते म्हणाली आणि जीपमध्ये बसली.

फॉर्म मी भरला. त्यात विचारलेलं असतं, लग्न झालं आहे काय. तिने सांगितलं, नाही झालं. ती खोटं बोलली नाही. तुमच्याकडे आधी घर मांडतात, लग्न सवडीने, कधी पोरं मोठी झाल्यावरही. पण मला तर ठाऊक होतं. तुमची झोपडी उभी केली तेव्हा कुडाच्या काठ्या मी धरल्या होत्या. चार वर्षं मी जिला वहिनी म्हणून हाक मारतो, तिच्या नावापुढे मी अविवाहित लिहिलं आणि अंगठा घेतला. मनाशी म्हटलं, तिने सांगितलं तेच तर लिहिलं. आणि माताजी लहान्याला बोलावतीलच की. पण हे म्हणताना डोळे दीप्तीच्या टेबलाकडे होते. तिसरी मुलगी झाली होती.

सहा दिवसांनी आरतीला माताजींनी दिवा लावला आणि नावं घेतली, प्रल्हाद आणि सोमी. प्रल्हादभाऊंनी तोंड ओंजळीत लपवलं आणि रडले. सगळी सतरंजी त्यांच्या पाठीवर थोपटत होती. आणि पलीकडून वहिनी उठून उभी राहिली. तुला तिचा आवाज माहीत आहे.

“माजा माणूस दर्यावर हाय. त्याला बोलवा, मंग लावा लगीन.”

माताजी शांतपणे म्हणाल्या, “बेटा, तो मागच्या जन्माचा असेल.”

“मागल्या जन्माचा नाय, चार शिमग्यांमागचा. पोरगी हाय आमाला.”

कुणीतरी हसलं आणि थांबलं. माताजींनी विचारलं, फॉर्म कुणी भरला. लहान्या, मी दहा हातांवर बसलो होतो. मी मान वर केली नाही. मग त्या म्हणाल्या की कागदावर तिचा अंगठा आहे आणि दिव्याने नाव दिलंय. येत्या पौर्णिमेपर्यंत तिने मौन धरावं. तिचा कुणी माणूस असेल तर तो स्वतः येऊन सांगेल, नाहीतर दिव्याचा शब्द खरा. मग वहिनीला बायकांच्या खोलीत नेलं. खोलीला कुलूप नव्हतं. पण तिचं बोचकं दीप्तीच्या कपाटात, वाडीच्या फाटकावर माणसं, आणि हायवे कुठल्या अंगाला आहे हेही तिला कुणी सांगेना.

सभा उठल्यावर प्रल्हादभाऊ माझ्याजवळ आले. त्यांनी एवढंच विचारलं की मुलीचं नाव काय. मी म्हटलं, धाकली. ते म्हणाले, हं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघून आलो. सेवेचं सांगून नाही, पळून. आणि पळून सुद्धा सरळ इथे आलो नाही, ते वर लिहिलंच आहे.

चार दिवसांपूर्वी झरीला पोचलो. तोवर आजीला वाटत होतं पोरगी सेवेला राहिली, कारण मंडळाच्या जीपवाल्याने तसा निरोप दिला होता. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती मारेल. तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि पदर खोचून दोन बायका घेऊन निघाली. संध्याकाळी परत आल्या, हातात प्रसादाची पुडी. फाटकावर गोड बोलून सांगितलं की तिचं मौन आहे, तिचा माणूस असेल तर तोच येऊ दे. पोलिसांत जावं तर तेही कागदच मागतील, आणि कागद मी लिहिलाय.

परवा रात्री मी आजीला म्हटलं की मी लहान्याला तोंड दाखवू शकत नाही, दुसऱ्या कुणाकडून निरोप धाडू. ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, “त्यो कागद तूच भरलास ना? मंग ह्यो बी तूच भर.” म्हणून लिहायला बसलोय. लहान्या, येत्या शुक्रवारी पौर्णिमा आहे. धाकल्या पोचेल त्याच दिवशी शेठला सांगून निघ. दर्यात असशील तर धाकल्या धक्क्यावर थांबेल. तू आलास की मी तुझ्याबरोबर चालतो. त्या दोन सतरंज्यांच्या मधे उभा राहून सांगतो की फॉर्म मी भरला, तिला वहिनी म्हणत असताना भरला. त्यानंतर तुला माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. मंडळाचं सोड, धवलेरीला मी काल सांगून आलोय. ती म्हणाली, तांदूळ आणि माणसं तयार ठेव, गायला मी येते. कुडाच्या काठ्या धरल्या तसा या वेळी मांडव घालीन, अर्धा टाकून कुठे जाणार नाही.

थांब जरा. धाकली ओरडतेय, आजी हातातलं सूप टाकून बांधाकडे धावलीय. शेतातून दोघं येतायत. पुढे सोमीवहिनी आहे, अनवाणी, भराभरा चालतेय. आणि तिच्या मागून, घामाने निथळत, तिचं बोचकं डोक्यावर घेऊन प्रल्हादभाऊ येतायत.

तुझाच, म्हणू देशील तर,
ललित